पराभूत उमेदवाराची मते : इंदापूर विधानसभा मतदारसंघातील चार निवडणुका (२००९ ते २०२४)

१. विषयप्रवेश

निवडणुकांचा इतिहास आपल्याकडे बहुधा विजेत्यांच्या यादीच्या रूपाने लिहिला जातो. कोणत्या साली कोण निवडून आला, त्याचा पक्ष कोणता आणि मताधिक्य किती, एवढे नोंदले की त्या मतदारसंघाचे वृत्त पूर्ण झाले असे समजण्याचा प्रघात आहे. पराभूत उमेदवाराचे नाव या यादीत आलेच, तर ते विजेत्याच्या मताधिक्याचे माप म्हणून येते. वस्तुतः एका जागेसाठी एकच प्रतिनिधी निवडण्याच्या आपल्या पद्धतीत पराभूत पक्षाकडील मतदारांची संख्या विजयी पक्षाकडील संख्येच्या अगदी जवळ असू शकते. पुणे जिल्ह्यातील इंदापूर मतदारसंघात २०१९ साली पराभूत झालेल्या उमेदवारास १,११,८५० मते मिळाली होती आणि त्याचा पराभव ३,११० मतांनी झाला. एवढ्या मोठ्या जनसमूहाचे मत इतिहासाच्या लेखी केवळ शून्य ठरावे काय, हा प्रश्न अभ्यासकाला टाळता येण्यासारखा नाही.

हा उमेदवार म्हणजे श्री. हर्षवर्धन पाटील. ते २०१४, २०१९ आणि २०२४ अशा लागोपाठ तीन निवडणुकांत पराभूत झाले. २००९ साली मात्र त्याच जागेवर ते विजयी झाले होते. चारही वेळा त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी एकच होते, श्री. दत्तात्रय भरणे. दोन उमेदवार स्थिर आणि त्यांच्याभोवतीचे पक्ष, आघाड्या व सरकारे मात्र सतत बदलती, अशी परिस्थिती अभ्यासकाच्या वाट्याला क्वचितच येते. या चार निवडणुका एकत्र ठेवून पराभव म्हणजे नेमके काय घडते, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

२. ‘पडणे’ आणि ‘पाडणे’

आरंभी शब्दांचा थोडा विचार करणे उपयुक्त होईल, कारण पराभवाविषयीची आपली कल्पना पुष्कळ अंशी आपल्या क्रियापदांतूनच घडलेली असते. ‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ ‘आशा बाळगणारा’ असा आहे. हा आशावान मनुष्य मराठीत निवडणुकीस ‘उभा राहतो’. अमेरिकेतील इंग्रजीत तो धावतो, इंग्लंडमध्ये आपल्याप्रमाणेच उभा राहतो. परंतु उभे राहण्याची ही कल्पना मराठीने शेवटपर्यंत नेली आहे : जो उभा राहतो तो एक तर ‘निवडून येतो’ किंवा ‘पडतो’.

‘पडणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. ‘अमुक पडला’ या वाक्यात पडण्याची क्रिया त्या माणसाच्याच ठायी घडते. तिचा दुसरा कोणी कर्ता नाही. ऐकणाऱ्यास असे वाटते की, याच्या अंगचे बळ कमी झाले, याचा आधार सुटला. पण मराठीत त्याच धातूच्या आद्य स्वराचा दीर्घोच्चार करून सकर्मक रूप सिद्ध होते. ‘मरणे’पासून ‘मारणे’, ‘तरणे’पासून ‘तारणे’, ‘चरणे’पासून ‘चारणे’, त्याचप्रमाणे ‘पडणे’पासून ‘पाडणे’. ‘अमुकाला पाडला’ असे म्हणताच वाक्याला कर्ता येतो. तो कर्ता मतदार असेल, प्रतिस्पर्धी असेल किंवा स्वपक्षातील असंतुष्ट असेल. निवडणुकीनंतर गावोगावी चालणारा वाद पुष्कळदा याच एका स्वरावर चाललेला असतो. विजेत्याचे समर्थक ‘पडला’ म्हणतात, पराभूताचे समर्थक ‘पाडला’ म्हणतात.

या दोन रूपांपैकी कोणते केव्हा यथार्थ आहे, हे आकड्यांच्या आधारे काही प्रमाणात तपासता येते. स्वतःची मते गमावून जो हरला तो पडला. स्वतःची मते कायम असता इतरांच्या एकवटण्यामुळे किंवा फुटण्यामुळे जो हरला त्याला पाडले. इंदापूरच्या तीन पराभवांना ही कसोटी लावून पाहता येईल. तत्पूर्वी त्या प्रदेशाची ओळख करून घेणे अवश्य आहे.

३. प्रदेश

इंदापूर तालुका भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मध्ये आहे. उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा आणि आग्नेय टोकाला नीरा नरसिंहपूर येथे दोहोंचा संगम. नद्यांनी वेढलेला असूनही हा प्रदेश मुळात अवर्षणग्रस्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीरेचा डावा कालवा झाला आणि बारामतीपासून इंदापूरच्या पश्चिम भागापर्यंतच्या जमिनीचे स्वरूप पालटले. याच कालव्याच्या पाण्यावर वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९३०च्या दशकात कळंब गावाजवळ साखर कारखाना उभारला. शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या विस्तीर्ण जमिनी, त्यांवरील ऊसमळे, कारखाना आणि कामगारांची वसाहत मिळून वालचंदनगर हे औद्योगिक गाव वसले. पुढे तेथे यंत्रनिर्मितीचा उद्योग वाढला. साखर व सिमेंट कारखान्यांची यंत्रसामग्री बनवणाऱ्या या गावाने अग्निबाणांच्या भागांपर्यंत मजल मारली.

१९६१च्या जमीनधारणेच्या कमाल मर्यादेच्या कायद्यानंतर खासगी साखर कारखान्यांच्या ऊसमळ्यांच्या जमिनी शासनाकडे आल्या आणि १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे त्यांचा कारभार गेला. खंडकरी शेतकऱ्यांचा आपल्या जमिनी परत मिळवण्याचा प्रश्न त्यानंतर अनेक दशके या भागाच्या राजकारणात राहिला. दुसरीकडे १९५०च्या दशकात सहकारी साखर कारखानदारीचा उदय झाला. भवानीनगरचा श्री छत्रपती कारखाना त्या पिढीतला. नंतरच्या काळात तालुक्याच्या पूर्व भागात बिजवडीचा कर्मयोगी शंकरराव पाटील कारखाना आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा कारखाना हे उभे राहिले.

१९८० साली भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, परंतु पाण्याचा फुगवटा इंदापूरच्या हद्दीत, अशी स्थिती निर्माण झाली. तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली, तर कालव्याच्या शेवटच्या टोकाची गावे पाण्याची वाट पाहत राहिली. २०२१च्या एप्रिलमध्ये उजनीतून इंदापुरास ५ टी.एम.सी. पाणी देण्याच्या योजनेला मिळालेली चालना सोलापूर जिल्ह्यातील विरोधामुळे मे महिन्यात मागे घ्यावी लागली. त्या वेळी इंदापूरचे आमदार श्री. भरणे हे सोलापूर जिल्ह्याचे पालकमंत्रीही होते. विधानसभेतील जागा या तालुक्याला एवढी महत्त्वाची का वाटते, हे या एका प्रसंगावरून ध्यानात यावे. येथे पाण्याचा निर्णय मंत्रिमंडळाच्या दालनात होतो, आणि त्या दालनात आपला माणूस बसलेला असावा ही मतदाराची इच्छा स्वाभाविक आहे. तो बसला तरी पाणी येईलच असे नाही, हेही त्या प्रसंगाने दाखवले.

४. पूर्वपीठिका

इंदापूरच्या राजकारणावर बावडा येथील पाटील घराण्याचा ठसा दीर्घकाळ होता. शंकरराव बाजीराव पाटील यांनी विधानसभेत अनेक वर्षे इंदापूरचे प्रतिनिधित्व केले आणि १९८० व १९८९ या निवडणुकांत ते बारामती मतदारसंघातून लोकसभेवर गेले. श्री. हर्षवर्धन पाटील हे त्यांचे पुतणे. १९९५ साली ते अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आले. त्या वर्षी २८८ सदस्यांच्या सभागृहात ४५ अपक्ष निवडून आले होते आणि त्यांतील बरेच जण काँग्रेसच्या परंपरेतून बाहेर पडलेले होते. या अपक्षांच्या पाठिंब्यावर शिवसेना-भारतीय जनता पक्ष युतीचे सरकार आले आणि श्री. पाटील राज्यमंत्री झाले. १९९९ व २००४ या निवडणुकाही त्यांनी अपक्ष म्हणूनच जिंकल्या, आणि मंत्रिपद त्यांना काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या सरकारांतही मिळाले. २००९ साली ते काँग्रेसच्या चिन्हावर उभे राहिले व निवडून येऊन सहकार व संसदीय कार्य या खात्यांचे मंत्री झाले.

‘अपक्ष’ या शब्दाची घटना ‘ज्याला पक्ष नाही तो’ अशी आहे. इंदापुरात मात्र त्याचा व्यावहारिक अर्थ निराळा दिसतो. ज्याच्या पक्षात त्याच्या जागेवर दुसरा कोणी बसला आहे, तो येथे अपक्ष होतो. २००९ साली आघाडीत ही जागा काँग्रेसकडे गेल्यामुळे राष्ट्रवादी काँग्रेसचे श्री. भरणे अपक्ष म्हणून उभे राहिले. श्री. भरणे हे वालचंदनगरपासून जवळ असलेल्या अंथुर्णे गावचे. तालुक्याच्या पश्चिमेकडील कालव्याच्या भागातून आलेला उमेदवार आणि पूर्वेकडील बावड्याचा उमेदवार असा हा सामना त्या वर्षी सुरू झाला.

५. चार निवडणुकांचे आकडे

दोघा उमेदवारांना मिळालेली मते पुढीलप्रमाणे आहेत.

२००९ : पाटील (काँग्रेस) ९२,७२९, भरणे (अपक्ष) ८४,७६९. पाटील ७,९६० मतांनी विजयी.
२०१४ : भरणे (राष्ट्रवादी काँग्रेस) १,०८,४००, पाटील (काँग्रेस) ९४,२२७. पाटील १४,१७३ मतांनी पराभूत.
२०१९ : भरणे (राष्ट्रवादी काँग्रेस) १,१४,९६०, पाटील (भारतीय जनता पक्ष) १,११,८५०. पाटील ३,११० मतांनी पराभूत.
२०२४ : भरणे (राष्ट्रवादी काँग्रेस, अजित पवार गट) १,१७,२३६, पाटील (राष्ट्रवादी काँग्रेस, शरदचंद्र पवार पक्ष) ९७,८२६. पाटील १९,४१० मतांनी पराभूत.

या आकड्यांतील पहिली लक्षणीय गोष्ट अशी की, श्री. पाटील यांना तिन्ही पराभवांत मिळालेली मते त्यांच्या २००९च्या विजयातील मतांहून अधिक आहेत. ज्या संख्येने त्यांना आमदार केले, तिच्याहून मोठी संख्या त्यांना तीनदा अपुरी पडली. दुसरी गोष्ट अशी की, तीन निवडणुकांत त्यांनी हात, कमळ आणि तुतारी वाजवणारा माणूस अशी तीन वेगवेगळी चिन्हे घेतली, तरी त्यांची मते ९४ हजारांच्या खाली आली नाहीत. चिन्हाबरोबर मतदार बदलतो हा सर्वसाधारण समज येथे फारसा लागू पडत नाही. माणसाबरोबर राहणारा मतदारांचा एक मोठा स्थिर समूह येथे आहे.

मतदारसंख्या काळानुसार वाढत जाते, म्हणून केवळ संख्येवरून निष्कर्ष काढणे सदोष ठरेल, अशी शंका येथे घेता येईल. ती रास्त आहे. म्हणून दोघांच्या एकत्रित मतांतील श्री. पाटील यांचा वाटा पाहावा. २००९ साली तो सुमारे ५२ टक्के, २०१४ साली ४६.५ टक्के, २०१९ साली ४९.३ टक्के आणि २०२४ साली ४५.५ टक्के होता. म्हणजे संख्या टिकली, परंतु भोवतालचे जग तेवढ्यावर थांबले नाही.

६. तीन पराभवांची तीन कारणे

(अ) २०१४. या वर्षी राज्यात दोन्ही बाजूंच्या आघाड्या तुटल्या आणि प्रमुख पक्ष स्वतंत्रपणे लढले. भारतीय जनता पक्षाने १२२ जागा जिंकल्या, काँग्रेस ४२ जागांवर आली. तेव्हा श्री. पाटील यांचा पराभव हा काँग्रेसविरोधी लाटेचा भाग होता, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु इंदापुरात पहिल्या दोन क्रमांकांवर राष्ट्रवादी आणि काँग्रेस, म्हणजे सत्तेतून जाणारे दोन्ही पक्षच राहिले. लाट येथे निर्णायक ठरली नाही. २००९च्या मानाने श्री. पाटील यांची मते १,४९८ने वाढली, श्री. भरणे यांची २३,६३१ने वाढली. मधल्या काळात, २०१२ साली, श्री. भरणे पुणे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झाले होते आणि २०१४ साली त्यांच्यामागे अपक्षपणाऐवजी पक्षाची संपूर्ण यंत्रणा उभी होती. त्यांच्या धनगर समाजाच्या एकजुटीने या निकालाचा उलगडा करण्याची रीत आहे. आरक्षणाच्या मागणीसाठी त्याच वर्षी बारामतीत मोठे आंदोलन झाले होते, हे खरे. तथापि हेच उमेदवार २००९ साली पराभूत झाले होते. म्हणून जात हे एकमेव कारण मानता येत नाही. त्या एकजुटीला पक्षाची व स्थानिक सत्तेची जोड मिळाली, तेव्हाच ती निर्णायक झाली. आपल्या कसोटीप्रमाणे हा ‘पाडण्याचा’ प्रकार आहे : एकाची मते घटली नाहीत, दुसऱ्याची एकवटली.

(आ) २०१९. काँग्रेस व राष्ट्रवादी यांची आघाडी पुन्हा झाली होती. आघाडीच्या जागावाटपात जो पक्ष जागा जिंकून बसला आहे त्याचा तिच्यावर पहिला हक्क, असा अलिखित नियम असतो. त्या नियमाने इंदापूर राष्ट्रवादीकडे राहिले आणि श्री. पाटील यांच्यापुढील काँग्रेसचे दार बंद झाले. सप्टेंबर २०१९मध्ये त्यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. त्यांची मते १७,६२३ने वाढली, प्रतिस्पर्ध्याची केवळ ६,५६०ने. तरीही जागा ३,११० मतांनी गेली. दुसऱ्या शब्दांत, १,५५६ मतदारांनी आपले मत एकाकडून दुसऱ्याकडे वळवले असते तर निकाल उलटला असता. या पराभवास ‘पडणे’ म्हणावे की ‘पाडणे’, हे ठरवणेच कठीण आहे. तीन पराभवांपैकी हा सर्वांत मोठ्या पाठबळाचा पराभव होय.

(इ) २०२४. जुलै २०२३मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली. श्री. भरणे अजित पवार यांच्याबरोबर सत्तारूढ महायुतीत गेले आणि भारतीय जनता पक्ष त्यांचा मित्रपक्ष झाला. जागावाटपाच्या त्याच नियमाने श्री. पाटील यांच्यापुढील दुसरे दार बंद झाले. ऑक्टोबर २०२४मध्ये ते शरद पवार यांच्या पक्षात आले. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत सुप्रिया सुळे बारामतीतून १,५८,३३३ मतांनी विजयी झाल्या होत्या आणि इंदापूर विभागातही त्यांना आघाडी होती. त्यामुळे हा मार्ग सुरक्षित वाटणे साहजिक होते. परंतु नवा माणूस ज्या घरात येतो तेथे आधीपासून वाट पाहणारे असतात. प्रवीण माने अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी सुमारे ३८ हजार मते घेतली. १९९५ व २००९च्या अपक्षांची परंपरा पुढे चालू राहिली, फरक एवढाच की या वेळी तिचा आघात पूर्वी अपक्ष म्हणून विजयी झालेल्यावर झाला.

माने यांच्यामुळे पाटील यांना पाडले गेले, हे विधान मात्र जपून तपासले पाहिजे. ही ३८ हजार मते तशीच्या तशी श्री. पाटील यांच्या मतांत मिळवण्याचा आपणास अधिकार नाही. ते उभे नसते आणि त्यांचे सर्व मतदार उरलेल्या दोघांत विभागले गेले असते असे धरले, तर १९,४१० मतांची तूट भरून निघण्यासाठी त्यांतील सुमारे २८,७०० मते श्री. पाटील यांच्याकडे यावयास हवी होती. हे प्रमाण चारांपैकी तीन मतांहूनही किंचित अधिक होते. ते अशक्य नाही, पण गृहीत धरण्याजोगेही नाही. शिवाय या वेळी त्यांची स्वतःची मते २०१९च्या मानाने १४,०२४ने घटली. राज्यभर महायुतीचा जोर होता. शेजारच्या बारामतीत लोकसभेचा कौल पाच महिन्यांत फिरला आणि युगेंद्र पवार अजित पवार यांच्याकडून १,००,८९९ मतांनी पराभूत झाले. महिलांना दरमहा १,५०० रुपये देणाऱ्या योजनेचा प्रभावही या काळात चर्चिला गेला. म्हणून २०२४चा पराभव संमिश्र मानला पाहिजे : काही अंशी ‘पडणे’, काही अंशी ‘पाडणे’.

७. समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली अशी की, या तीन पराभवांपैकी खरा निर्णायक पराभव २०१४चा होता. तेव्हा केवळ एक निवडणूक गेली नाही, तर जागेवरील हक्क गेला. आघाड्यांच्या राजकारणात जागेचा हक्क विजेत्याकडे राहतो, आणि विजेता ज्या बाजूस जातो ती बाजू पराभूतास बंद होते. पक्षांतरामुळे पराभव झाला, असे सामान्यतः म्हटले जाते. इंदापुरात क्रम उलटा दिसतो. पराभवामुळे पक्षांतर घडले, आणि दुसऱ्या पक्षांतराने नवा प्रतिस्पर्धी निर्माण केला. नैतिक दृष्टीने पक्षांतराचे मूल्यमापन कोणी कसेही करो, त्याची कारणमीमांसा करताना हा क्रम दृष्टीआड करता येणार नाही.

दुसरी गोष्ट मतदारांसंबंधीची आहे. लागोपाठ तीन निवडणुकांत सुमारे एक लाख माणसांनी एकाच उमेदवारास मत दिले आणि तिन्ही वेळा विधानसभेत त्यांच्या मताचा माणूस गेला नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी न पोहोचणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती आणि या मतदाराची स्थिती यांत काही साम्य आहे. दोघांचाही हिस्सा कागदावर मोजलेला असतो. विजेत्याने त्यांचेही प्रतिनिधित्व करावयाचे असते, हे संसदीय लोकशाहीचे तत्त्व खरे. परंतु ते तत्त्व पाळले जाते की नाही, हे पाहण्यासाठी हे लोक कोण व किती होते याची नोंद असावी लागते. पराभूत उमेदवाराची मते ही ती नोंद होय.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातील निवडणुकांचा अभ्यास या दृष्टीने हाती घेतल्यास जिल्ह्याच्या राजकीय इतिहासाचे चित्र पुष्कळ बदलेल. त्यासाठी विजेत्यांच्या यादीशेजारी दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाची यादी मांडावी, प्रत्येकाच्या मतांची चढउतार सलग निवडणुकांत पाहावी, आणि ‘पडला’ हे क्रियापद लिहिण्यापूर्वी त्यातील पहिला स्वर ऱ्हस्व असावा की दीर्घ, याचा विचार करावा.